दार डाव्या हाताला

"घरी निजता तवा दार कुनीकडं असतं?"

नळदुर्गला अक्कांच्या खानावळीत पाऊल टाकलं, की त्या पाणी विचारायच्या आधी हे विचारायच्या. मागच्या बाजूला दोन-तीन खोल्या होत्या, तिथं आम्ही फिरतीवरचे लोक उतरायचो. मी सोलापुरी चादरींचे नमुने घेऊन निजामाच्या मुलखात हिंडणारा. पहिल्यांदा गेलो तेव्हा जकातीच्या नाक्यावर शिपायांनी ट्रंक उपसलेली, अंगभर धूळ, डोकं तापलेलं. मी चिडूनच म्हणालो, "अक्का, खोली दाखवा. माझ्या घराची चौकशी कशाला?"

"सांगा तर खरं."

"डाव्या हाताला."

अक्कांनी पदर खोचला आणि बाज फरफटत फिरवली. दार डाव्या हाताला आलं, तेव्हा कुठं पाण्याचा तांब्या पुढं झाला. "आता निजा. परमुलखात डोळा उघडला, की मानसाला आदी दार घावाया पायजे," म्हणाल्या.

तुम्हीही फिरतीवर राहिला असाल, तर तुम्हाला ठाऊक आहे. आपल्याला खोलीत हवं तरी काय असतं? बिनढेकणाची बाज, कढत पाणी आणि दाराला धड कडी. एवढं मिळालं तरी आपण खूश. पण खरं सांगतो, मी तिथं झोपलो तसा दुसरीकडं कुठं झोपलो नाही. उठल्यावर पाय आपोआप दाराकडं जायचे.

अक्का लिंगायत. नवऱ्यामागं सगळा कारभार एकट्या बघायच्या आणि रागावल्या की कानडीत पुटपुटायच्या. एकदा भुईमुगाचा एक दलाल उतरला. त्यानं नुकत्याच बांधलेल्या घरातलं दार सांगितलं आणि सकाळी उठला तो सरळ भिंतीवर जाऊन आपटला. अक्कांनी त्याच्या नाकाला हळद लावली आणि वर त्यालाच झापलं, "नवं घर कशाला सांगितलंत? अंगाला अजून जुनंच ठावं हाय की." आम्ही ओसरीवर भाकरी खात होतो, ठसका लागेस्तोवर हसलो.

मग रझाकारांची दहशत वाढली. मोटारी बंद पडल्या. माणसं हद्द ओलांडून सोलापुरात यायला लागली. एके दिवशी बघतो तर अक्का बोचकं घेऊन आमच्या दारात. "पाव्हणं, आता मीच पाव्हणी झाले," म्हणाल्या.

बायकोनं त्यांना आतली खोली दिली, चांगली गादी घातली. पण अक्कांचा डोळा लागेना. रात्रभर भिंतीला टेकून बसलेल्या असतात, असं बायको सांगायची. चेहरा उतरला, अन्न जाईना. एका सकाळी त्या बोचकं बांधून उभ्या राहिल्या.

"माजा जीव लागंना हितं. मी जाते माघारी."

"तिकडं जाळपोळ चाललीय अक्का. मरायला जाता का?"

"मरू दे. झोप तरी यील."

मी असा खवळलो, की त्यांच्या हातातलं बोचकंच हिसकावून घेतलं. ते हातात धरून उभा असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं यांच्याकडं उतरलो, पण ही बाई स्वतः कुठं निजते, हे आपण कधी बघितलं नाही.

"अक्का," मी विचारलं, "घरी निजता तेव्हा दार कुणीकडं असतं?"

त्यांना हे कधी कुणी विचारलं नव्हतं. मग हळूच म्हणाल्या, "उशाला. थोरल्या दाराची कडी डोस्क्याशीच. अवेळी कुनी आलं तर लगी उघडता यावी."

त्या दिवशी आम्ही त्यांचं अंथरूण बाहेरच्या दाराशी घातलं, उशी अगदी उंबऱ्याजवळ. दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं तरी अक्का गाढ झोपलेल्या. गवळी बाहेर ताटकळत होता, आणि बायको खिडकीतून त्याला गप्प राहायच्या खुणा करत होती.

मुलूख मोकळा झाला आणि अक्का मिळेल त्या मोटारीनं परत गेल्या. काही वर्षांनी वारल्या. मला कळलं तेही उशिरा.

त्यानंतर नळदुर्गला उतरलो, तेव्हा नव्या मालकानं किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि तो निघून गेला. बाज मीच ओढून फिरवली. सकाळी डोळा उघडला. दार डाव्या हाताला होतं. तरी आपण कुठं आहोत, ते मला बराच वेळ कळेना.