कच्च्या पाण्याची घागर

आमच्या गावात आता दोनच चुली पेटतात. एक माझी, एक यशोदाबाईची. वीज गेली ती गेलीच, मागोमाग सरकार गेलं, बोअर बंद पडले. शहरातली माणसं भराभर गावाकडे परतली आणि सगळी परसाकडला नाल्याच्या काठावर बसू लागली. नाला विहिरीला खेटून जातो, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. अक्कल काय झाडाला लागते? त्या पावसाळ्यात हगवणीनं अर्धं गाव नेलं. यशोदाबाईचा नवरा वना त्यातच गेला. उरलेले तापीकाठी निघून गेले.

ही बाई काही हलली नाही. "मन्ही पोर आखाजीले येई," म्हणायची. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्याकडे लेकी त्या सणाला माहेरी येतात. मेघा, तिची एकुलती एक, दिलेली असोद्याला. फोन नाही, गाडी नाही, पोर जिवंत आहे का तेही कळायला मार्ग नाही. पण आलीच, तर या घरात तिला हगवण लागता कामा नये, एवढा एकच ध्यास. म्हणून बाई पाणी उकळायची. प्यायचं, भांड्यांचं, अगदी चूळ भरायचंसुद्धा. त्यासाठी दिवसभर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या गोळा करायची. माझ्या हातात तांब्या दिसला की ओरडायची, "नाना, उकाळं का?" मी म्हणायचो, "सरपंच झालीस का गं?" पण प्यायचो उकळलेलंच. रेल्वेच्या रुळांवरून जाणारे वाटसरू तिला उकळीबाई म्हणत. तिच्याकडचं पाणी पिऊन पुढं जात.

आखाजी आली. वनाच्या नावाची पहिली घागर भरायची होती. नवी मातीची घागर, वर केळी, म्हणजे छोटं मडकं, शेजारी डांगर, म्हणजे खरबूज. बाईनं दोन्हींसाठी पाणी थेट विहिरीवरून आणलं.

"अगं, हे कच्चं?"

"मरेलले उकाळेल पानी चालत नही, नाना. त्याले विहिरनंच लागस."

म्हटलं, बरोबर आहे, वनाला आता कसली हगवण!

घागर उंबऱ्याजवळ मांडून ती पऱ्हाट्या आणायला गेली, आणि तेवढ्यात मेघा आली. रुळारुळानं चालत आलेली, पाय फुटलेले, ओठ सुकलेले. घरात कोणी नाही. चुलीवरचं पाणी कढत, उंबऱ्याजवळचं गार.

आई परतली तेव्हा पोर भिंतीला टेकून हसत होती. आईनं तिला पाहिलं, मग रिकामी केळी पाहिली. डोक्यावरचा भारा तिथंच पडला.

"कोणतं पानी पिनी वं?"

मेघा म्हणाली, बापाच्या घागरीतलं. वाटेत सगळे सांगत होते, उकळीबाईच्या घरात कच्चं पाणी सापडायचं नाही. म्हणून सकाळपासून दुसरीकडे थेंब घेतला नव्हता.

दोन दिवसांत तिला हगवण लागली. गूळमिठाचं पाणी पाजलं, भाताची पेज पाजली. मी नवस बोललो, देवाला शिव्याही घातल्या. काही उपयोग झाला नाही. आठवडाभरात पोर गेली. यशोदाबाई रडली नाही, आणि मला ते बघवेना.

यंदाच्या आखाजीला तिच्या उंबऱ्याजवळ दोन घागरी होत्या. एक वनाची. दुसरीतून वाफ येत होती.

न राहवून बोललो, "यशोदा, मेलेल्याला उकळलेलं चालत नाही ना?"

तिनं वर पाहिलं नाही. चुलीत पऱ्हाटी सारली.

"मन्ही पोरले मी उकाळेलच देसू."