बारीकसारीक कळवू नये

माझा मामा एका कारखान्यातले सर्व्हर सांभाळायचा. तिरसट माणूस, पण यंत्रांवर भारी जीव. मी त्याच्याकडेच वाढले, त्यामुळे जेवताना यंत्रपुराण ठरलेलं.

"बिघाड आधी कळतो फर्मवेअरला. ते यंत्राच्या पोटातच भरलेलं सॉफ्टवेअर. ते कर्नलला कळवतं, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या कारभाऱ्याला. मेमरीचा एखादा तुकडा सारखा चुकायला लागला, की कारभारी तो वापरातून काढतो. फारच बिघडलं, तर चुकीचं काम करण्यापेक्षा सगळंच थांबवतो."

"अहो कारभारी, आधी घास गिळा," मामी म्हणायची.

मामाला कटकट खपत नसे. आपोआप दुरुस्त होणाऱ्या चुकांच्या सूचना सारख्या येत, म्हणून एका सर्व्हरवर त्याने त्या बंदच करून टाकल्या.

मामी एका सकाळी ओट्याशी उभ्या उभ्या गेली. तिच्या चपला दारातच राहिल्या. मी त्या हलवल्या तर मामा अंगावर ओरडला.

पुढे तो सर्व्हरही बंद पडला. मेमरीची एक पट्टी कधीपासून चुकत होती, पण कारभाऱ्याला कुणी कळवलंच नव्हतं. त्या दिवशी मामा घरी आला आणि चपलांशेजारी बसला.

"यंत्रसुद्धा मरताना काय झालं ते पोटात ठेवतं गं. पुन्हा सुरू केलं की फर्मवेअर आधी तेच कारभाऱ्याच्या हाती देतं. हिने मात्र ब्रसुद्धा काढला नाही."

मग येईल त्याला तो एकच विचारू लागला: तिला काही होत होतं का? मला त्या प्रश्नाची भीती वाटायला लागली.

खालच्या मजल्यावरच्या काकू मामीचा डबा परत द्यायला आल्या, तेव्हा त्यांनाही विचारलं.

"जिना चढताना छातीत कळ यायची तिच्या," काकू म्हणाल्या. "माझ्या दाराशी पायरीवर टेकायची. कळ थांबली की वर यायची."

"मग मला का नाही बोलली, वहिनी?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "बोलली होती, भाऊजी. तुम्ही म्हणालात म्हणे, आपोआप थांबते ना? मग बारीकसारीक सांगत जाऊ नकोस."

 मामा डबा हातात धरून बसून राहिला.

आता तो कामावरून आला की स्वयंपाकघराच्या दारात थांबतो. "सांग," म्हणतो, "बारीकसारीकसुद्धा सांग." आणि ओट्याकडे कान देऊन बराच वेळ उभा राहतो.