आजोबांची वाकडी सही

आयर्लंडमधल्या कासलबार गावच्या हॉस्पिटलात, म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात, मी रोज एक प्रश्न विचारते: तुमच्या घरच्यांबद्दल काही सांगा. माणसाची आठवण किती शाबूत आहे ते त्यातून कळतं. साधा प्रश्न आहे. पण एका म्हातारीला तो विचारल्याची टोचणी मला अजून आहे.

ती अल्बानियाची. पंच्याऐंशीच्या आसपासची. मुलाच्या मागोमाग इकडे आली, मुलगा वारला, नात दूर डब्लिनजवळ क्लोनडॉल्किनला नोकरीला, आणि ही गावाबाहेरच्या छोट्या घरात एकटी. घरात पडली म्हणून आणलं. पहिले तीन दिवस इन्फेक्शनने बरळत होती, मग निवळली. आता तिला घरी सोडायचं की नर्सिंग होममध्ये पाठवायचं, एवढंच ठरायचं होतं, आणि ते बरंचसं माझ्या नोंदींवर अवलंबून होतं. तिलाही ते ठाऊक होतं. रोज सकाळी तिचा पहिला प्रश्न तोच, "डॉक्टर, मी घरी कधी जाणार?"

घरच्यांबद्दल विचारलं तेव्हा ती जरा थांबली. दाराकडे पाहिलं. मग तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाली, "माझ्या आजोबांनी देश स्वतंत्र केला."

मग सुरूच झाली. आजोबा मोठे जमीनदार, त्यांच्याकडे अशा माणसाला 'बे' म्हणतात. तेव्हा देशावर तुर्की सुलतानाचं राज्य, आजोबा त्याच्या इस्तंबूलच्या संसदेत खासदार. पण आपल्या भाषेत शाळा काढायला बंदी, तेव्हा तिथे भांडले आणि परत आले. चहूबाजूंनी शेजाऱ्यांच्या फौजा घुसत होत्या. देश वाटून घेतला जाणार हे दिसत होतं. आजोबा खेचरावर बसून डोंगर ओलांडून समुद्रकाठच्या गावी पोचले. तिथे सगळ्यांनी मिळून स्वातंत्र्याचा कागद केला, सज्ज्यातून झेंडा दाखवला. थंडीने आजोबांची बोटं आखडली होती, म्हणून सही वाकडी आली. जन्मभर त्यांना त्या सहीची खंत होती. पुढे बड्या देशांनी सीमा आखल्या, निम्मी माणसं सीमेबाहेर राहिली. आजोबा काही महिने मंत्री होते, चिडले, राजीनामा देऊन घरी बसले.

हे सगळं तिने दोन दुपारी सांगितलं. गालांवर रंग चढला होता.

माझा एकाही अक्षरावर विश्वास बसला नाही. कसा बसावा? मी पुण्यात वाढले. आमच्याकडे दर दुसऱ्या घराचा मूळपुरुष सरदार असतो. माझ्या मामांनी तर पूर्वजांची म्हणून एक तलवार दिवाणखान्यात टांगली होती. ती त्यांनी जुन्या बाजारातून आणली, हे मामीने आम्हाला पोहे खाताखाता सांगून टाकलं. तेव्हापासून कुणी आजोबांच्या पराक्रमाला लागलं, की मला ती तलवार आठवते आणि माझा चेहरा गुळमुळीत होतो.

वॉर्डातली सिस्टर इथल्याच मेयो परगण्याची. ती म्हणाली, "अगं, इथे पण प्रत्येकाचा आजोबा इंग्रजांविरुद्धच्या उठावाच्या दिवशी बंडखोरांबरोबर डब्लिनच्या पोस्टात होता. एवढी माणसं त्या पोस्टात मावली कशी, देव जाणे! हिचा तो सज्ज्यातला बाबा, युअर मॅन, पण त्यातलाच. पण बाई ग्रँड आहे गं, अगदी ठणठणीत, घरी जाऊ दे तिला."

आम्ही दोघी हसलो. मी फाइलमध्ये लिहिलं: स्वतःच्या घराण्याविषयी भव्य कल्पना, वास्तवाचं भान शंकास्पद.

दुसऱ्या दिवशी राउंडला मोठ्या डॉक्टरांनी ते वाचलं आणि तिच्यासमोरच मला विचारलं, "आजोबांनी देश स्थापन केला म्हणे?" स्वर गोडच होता. मी ओठ दाबून हसले. म्हातारीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग फाइलकडे.

तिला कुठे पाठवायचं ते ठरवणाऱ्या बैठकीच्या आदल्या दिवशी मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. ती केस विंचरून, हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती. एका सुरात म्हणाली, "माझे आजोबा चपला शिवायचे. त्यांना राजकारणातलं काही कळत नव्हतं."

मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. मी लिहिलं: भ्रम ओसरला, चांगली सुधारणा. बैठकीत तिला घरी सोडायचं ठरलं.

न्यायला नात आली. आजी शेजारी कोट घालून, पिशवी मांडीवर घेऊन चाकाच्या खुर्चीत बसली होती. मी नातीला बाजूला घेऊन कौतुकाने म्हटलं, "आता आजी खूप बऱ्या आहेत. त्या आजोबांच्या गोष्टी बंद झाल्या, चपला शिवायचे हेही आठवलं."

नातीचा चेहरा उतरला. तिने फोनमधला एक फोटो उघडून दाखवला. जुना कागद, खाली रांगेने सह्या. तिने बोट ठेवलं तिथली सही वाकडी होती, शेवटची रेघ खाली ओघळलेली.

"चपलांचं वाक्य तिला घरच्यांनी नवव्या वर्षी शिकवलं होतं," नात म्हणाली. दुसऱ्या महायुद्धानंतर कम्युनिस्टांचं नवं सरकार आलं आणि हेच आजोबा जनतेचे शत्रू ठरले. ते तोवर गेले होते, शिक्षा घरच्यांनी भोगली. जमीन गेली, घर गेलं, सगळ्यांना दलदलीतल्या एका गावात नेऊन ठेवलं. दर महिन्याला अधिकारी वही घेऊन यायचा आणि विचारायचा, आजोबा कोण होते? "खरं नाव तिने आम्हालासुद्धा इथे आल्यावर सांगितलं. परक्या माणसाला कधीच नाही. तुम्हाला कसं सांगितलं, नवलच आहे."

मला इतकी लाज वाटली, की त्या मुलीकडे बघवेना. ज्याला त्याला खोटं ठरवण्याची माझी हौस! मी फाइल उचलली आणि तशीच म्हातारीपुढे जाऊन गुडघ्यावर बसले. म्हटलं, "आजी, माझं चुकलं. मी सही पाहिली. मी आत्ता इथे खरं लिहिते. तुमचे आजोबा कोण होते, ते मला परत सांगा."

तिने माझ्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. पाठ ताठ केली, हात मांडीवरच्या पिशवीवर नीट ठेवले.

"चपला शिवायचे," ती म्हणाली. "आता मी घरी जाऊ?"