देवळाच्या तुळईचं वय

माझा मामा आटपाडीकडचा. गावच्या यात्रेत पहिल्या नारळाचा मान त्याचा. यात्रेदिवशी हलगी त्याच्या दारात यायची, त्याला वाजतगाजत देवळात न्यायची, आणि त्याचा नारळ फुटल्याशिवाय दुसऱ्या कुणाचा फुटत नसे. देवळाची सागवानी तुळई त्याच्या मूळपुरुषानं घातली, म्हणून हा मान. वरच्या आळीतल्या भावकीचं म्हणणं, तुळई एका पिढीनंतरची, त्यांच्या पूर्वजानं घातलेली. त्या घरच्या म्हाताऱ्याला मामा दरवर्षी मुद्दाम उन्हात ताटकळत ठेवायचा आणि मिशीत हसायचा. त्याचा हा माज मला कधीच सहन झाला नाही.

जीर्णोद्धारात तुळई खाली उतरली, तेव्हा मामानंच पारावर जाहीर केलं, "माझी भाची लाकडाचं वय काढती. ती काय म्हनंल ते समद्यांनी मानायचं!"

कार्बनवरून निघणारं वय कच्चं असतं. ज्यांचं वर्ष नक्की ठाऊक आहे अशा झाडांच्या वलयांशी ताडून ते पक्कं करावं लागतं. मी तुळईची वलयं मोजली, आतल्या-बाहेरच्या वलयांचे तुकडे तपासायला दिले. उत्तर गोलार्धातल्या झाडांशी ताडलं तर मामा बरोबर ठरत होता. फोन करकरून त्यानं ते माझ्याकडून काढून घेतलं. निकाल अजून कच्चा आहे, असं ओरडून सांगितलं तरी त्यानं गावभर पेढे वाटले. वरच्या आळीतल्या त्या घरी तर दोनदा पाठवले.

मग माझ्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, "साग वाढतो पावसाळ्यात, आणि तेव्हा आपल्याकडचा वारा विषुववृत्त ओलांडून येतो. दक्षिणेत समुद्र जास्त, त्यामुळे तिथल्या हवेत किरणोत्सारी कार्बन जरा कमी. लाकडातला हा कार्बन काळानुसार घटत जातो, म्हणून मुळातच तो कमी असलेलं लाकूड असतं त्यापेक्षा जुनं भासतं. दोन्ही गोलार्धांची झाडं मिळून ताडून बघ."

बघितलं. तुळई एका पिढीनं तरुण निघाली.

पारावर सगळं गाव जमलं होतं. मी सांगितलं तसा मामा उठला. "वारं खालनं आलं म्हून आमची वाडवडील मान्सं खोटी व्हय गं?"

"हो," मी म्हणाले. सौम्यपणे सांगता आलं असतं. पण पेढ्यांचा राग डोक्यात होता, आणि खरं सांगायचं तर त्याचा उतरलेला चेहरा बघून मला बरं वाटलं.

यात्रेला मी गेले. मामा सकाळपासून फेटा बांधून, नारळ मांडीवर घेऊन ओट्यावर बसला होता. मामी दोनदा म्हणाली, आवं, आत चला. तो हलला नाही. गल्लीच्या तोंडाशी हलगी वाजली तसा तो उभा राहिला, धोतर झटकलं, पायरी उतरला. हलगी पुढून सरळ निघून गेली. मागे वरच्या आळीचा म्हातारा मधोमध चालत होता. मामाच्या दारापाशी तो थांबला, वळला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "बसा की पावनं. ऊन लय हाय."

मामा बसला.