खोक्यांचा बाक

आमच्या घरात खुर्च्या नव्हत्या, खोकी होती. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीचे. दर काही वर्षांनी हुकूम यायचा आणि आम्ही गाशा गुंडाळायचो. देवदाराच्या फळ्यांची ती मोठाली खोकी नव्या गावी सामान काढून झाल्यावरही मोडायची नाहीत, असा नियम होता. चादर टाकली की दिवाण, दोन एकावर एक ठेवली की टेबल. प्रत्येकावर बाबांच्या हातचा लाल रंगातला आकडा. खंडेनवमीला लोक आपापली हत्यारं पुजतात. आमच्याकडे खोकी ठोकायची हातोडी पुजली जायची. तिला हळदकुंकू वाहून झालं की बाबा आम्हाला नमस्कार करायला लावत. मी वाकायचे, आणि मनातल्या मनात त्या हातोडीला शिव्या द्यायचे.

‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ हे बाबांचं लाडकं वाक्य. पाहुण्यांसमोर तर हमखास, आणि वर हसायचे. पाठ कुणाची, हे कुणी विचारत नसे. पाठ आईची होती. नागपुरात तिने लावलेला मोगरा फुलायला लागला आणि आम्ही निघालो. पुढच्या गावी तिने झोपाळा मागितला, तर बाबा म्हणाले, “उद्या बदली झाली तर?” या एका प्रश्नाने त्यांनी तिची सगळी हौस वर्षानुवर्षं गप्प केली. आणि तिची हौस ती केवढी! संध्याकाळी बाहेर बसायला एक जागा हवी होती तिला. आपली म्हणावी अशी, आणि कुणी उचलून ट्रकमध्ये टाकणार नाही अशी.

साठचं दशक सरता सरता आम्ही कलकत्त्याला आलो. भवानीपूरमध्ये वरचा मजला भाड्याने मिळाला आणि त्यावरची गच्ची. या शहरात संध्याकाळ गच्चीवरच घालवायची असते. दक्षिणेकडून वारा सुटला की आजूबाजूच्या सगळ्या गच्च्या माणसांनी भरून जात. बंगाली बायका चटया अंथरून बसत. आईचे गुडघे तोवर बोलायला लागले होते. खाली बसलं की उठताना भिंत धरावी लागे. म्हणून ती पाण्याच्या टाकीच्या अरुंद कठड्यावर टेकायची, शाळेत उशिरा आलेल्या मुलीसारखी.

एकदा जेवताना तिने विषय काढलाच. “अहो, गच्चीवर एक साधा बाक करून घेऊ या का?”

बाबांनी ताटातून मानही वर केली नाही. “उद्या बदली झाली तर तो खाली कोण उतरवणार?”

आई आमटी वाढायला उठली. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. मी तेव्हा कॉलेजात होते. घरातल्या पुरुषाला उलट उत्तर द्यायचं नसतं, हे मला शिकवलं होतं. सुतारकाम करायचं नसतं, असं मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात बाबा दौऱ्यावर गेले. मी सर्वांत मोठी खोकी एकेक करून गच्चीवर चढवली आणि त्याच पूजेच्या हातोडीने फोडायला घेतली. आई धावत वर आली.

“अगं, काय करतेस हे? ते आल्यावर काय म्हणतील?”

“म्हणू देत. तू इथे मांडी घालून बस बघू.”

ती बसली. मी सुतळीने तिच्या मांडीची रुंदी घेतली, एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत. बाजारातल्या बाकांवर पाय लोंबकळत ठेवून बसावं लागतं आणि तसं बसून आईला कधी बसल्यासारखं वाटलंच नाही. मला तिच्यासाठी मांडी घालून ऐसपैस बसता येईल असा बाक करायचा होता. शेजारी आणखी दोघं मावतील एवढा लांब. मापं घेऊन झाल्यावर मी तीच सुतळी घेऊन जिन्यात गेले आणि जिनाही मोजला. वळणावर तो फार चिंचोळा होता.

काम काही सरळ झालं नाही. जुन्या फळ्यांत आधीच भोकं. काठाजवळ खिळा मारला की फळी उभी चिरायची. करवत धरून हाताला फोड आले. शेवटी एकदाचा बाक उभा राहिला आणि मी त्यावर बसले, तर तो सावकाश डावीकडे कलला आणि मला घेऊन आडवा झाला. पाय नुसते सरळ ठोकले होते, तिरपा आधार एकालाही नव्हता. घरमालकीण, जिला आम्ही माशीमा म्हणायचो, वाळत घातलेल्या साड्या काढत होती. ती पदर तोंडाला लावून हसली. “मेये होये छुतोरेर काज!” म्हणाली. मुलीची जात आणि सुताराचं काम! हसली खरी, पण संध्याकाळी डांबराचा उरलेला डबा तिनेच वर पाठवला. पायांना लाव, नाहीतर पावसाळ्यात वाळवी खाईल, असा निरोप होता.

तिरप्या पट्ट्या ठोकल्या, पाय डांबराने माखले. बसायच्या फळ्यांवर बाबांचे लाल आकडे तसेच होते, काही उलटे, काही अर्धेच. घासून काढता आले असते. मी काढले नाहीत.

आई पाय वर घेऊन बसली. मांडी घातली, पदर सारखा केला आणि समोरच्या गच्च्यांकडे बघत राहिली.

“रुंद आहे,” एवढंच म्हणाली. पण काळोख पडेपर्यंत खाली आली नाही. त्या दिवशी कुकर मी लावला.

बाबा परत आले आणि आधी त्यांनी खोकी तपासली. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. “बदलीच्या वेळी सामान काय डोक्यावर न्यायचं?” असं थंडपणे विचारून त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. त्या बाकावर ते कधी बसले नाहीत. लोडशेडिंग सुरू झालं तेव्हा संध्याकाळी सगळं घर गच्चीवर असायचं. आई बाकावर, मी तिच्या शेजारी, कधी माशीमाही येऊन टेकायची. बाबा गच्चीच्या कठड्यापाशी उभे राहून रुमालाने वारा घ्यायचे. जागा असताना उभं राहणाऱ्या माणसाचा मला संताप यायचा. त्यांना वाटे, हा स्वाभिमान. मला तो हेका वाटे, आणि आजही वाटतो.

माझ्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षात हुकूम आला. जबलपूर. बाबा दुसऱ्याच दिवशी हातोडी घेऊन गच्चीवर आले. आई आणि मी वाळवणाला घातलेले पापड गोळा करत होतो.

“हा बाक मोडतो,” ते म्हणाले. “फळ्या लागतील. खाली नेता आला असता तर नेला असता, पण जिन्यातून जाणार नाही.” मग कितीतरी दिवसांनी ते थेट माझ्याशी बोलले. “एवढी शिकलीस, जिना मोजायचं सुचलं नाही?”

“मोजला होता,” मी म्हटलं.

“मग?”

“मोजला होता म्हणूनच एवढा रुंद केला. नेताच येऊ नये म्हणून.”

त्यांचं तोंड लाल झालं. ते बाकाकडे वळले आणि पहिल्या फळीखाली हातोडीचं खिळे उपसायचं टोक घातलं. आई हातातली पापडांची परात खाली ठेवून आली आणि बाकावर मांडी घालून बसली.

“ऊठ,” बाबा म्हणाले.

“नाही उठत.”

“अगं, ट्रक सांगायचाय. बदली झालीय!”

“बदली तुमची झालीय,” आई म्हणाली. “माझी नाही.”

मी आईला असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. बाबांनीही नसावं. त्यांनी हातोडी फळीखालून काढली. माशीमाच्या घरातून रेडिओ ऐकू येत होता. मग ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, “बरं. हिची परीक्षा होईपर्यंत राहा. लोकांना तसं सांगता येईल.”

“परीक्षेचं नाव घेऊ नका. परीक्षा झाल्यावरही मी इथेच आहे. मला राहायचंय म्हणून राहतेय, हेच सांगा लोकांना.”

माझ्या पोटात इतकी वर्षं साठलेला राग तेव्हा डोळ्यांतून आला. मी गच्चीच्या टोकाला जाऊन यथेच्छ रडले. बाबांवरचा राग होताच. पण हे वाक्य म्हणायला आईला बसायची जागा मिळावी लागली, याचा जास्त होता.

बाबा एकटे गेले. खोकी पुरली नाहीत, म्हणून त्यांची भांडी गोणपाटात बांधून गेली. दुर्गापूजेच्या सुट्टीत ते आले तेव्हा बारीक झाले होते. गल्लीत ढाक, म्हणजे पूजेचे मोठे ढोल, वाजत होते. संध्याकाळी ते कप घेऊन वर आले. आई नेहमीसारखी बाकाच्या मधोमध मांडी घालून चहा पीत होती. ते थोडा वेळ कठड्यापाशी उभे राहिले, मग बाकाजवळ आले.

“जरा सरकतेस का?” त्यांनी विचारलं.

आईने त्यांच्याकडे पाहिलं. “थांबा,” म्हणाली. “माझा चहा होऊ दे.”

बाबा थांबले.