वहिनीच्या हातची रमकुल्फी

होय, मी माहेरच्या फ्रीजमध्ये रमची कुल्फी लावली. ज्यांना नाकं मुरडायची आहेत त्यांनी खुशाल मुरडावीत. पन्नाशी ओलांडल्यावर मी लोकांच्या नाकांची काळजी करणं सोडून दिलं आहे.

आम्ही तिघी बहिणी दर मे महिन्यात चिखलीला माहेरी जमतो. ऊन उतरलं की गच्चीवर पाणी मारायचं, सतरंज्या अंथरायच्या आणि जेवायची वेळ होईपर्यंत गप्पा हाणायच्या. त्यात एक बाई कधीच नसायची. आमची वहिनी, मोठ्या भावाची बायको. ती वर यायची ती पाण्याचा तांब्या घेऊन. "बसा ना वहिनी" म्हटलं की "आलीच" म्हणायची आणि खाली जायची. पंचवीस वर्षांत ती काही आली नाही. बायकोनं असं फतकल मारून बसलेलं दादाला खपत नाही. तो स्वतः दर शनिवारी मित्रांना घेऊन शेतात बसतो. मटण, बाटली, सगळं असतं. त्याला पार्टी म्हणतात. आम्ही गच्चीवर मोठ्यानं हसलो तर तीच थेरं होतात.

त्या वर्षी मी ठरवलं, यंदा वहिनीला गच्चीवर बसवायचंच. नागपूरहून येताना साडीच्या घडीत रमची बाटली आणली. हातात पेला दिला असता तर ती पळालीच असती, पण कुल्फीला ती कधी नाही म्हणत नाही. आत काय आहे ते तिला आधीच सांगितलं. न सांगता खाऊ घातलं, तर तिचं सगळं परस्पर ठरवणाऱ्या दादात आणि माझ्यात फरक काय राहिला? ती म्हणाली, "पाहू."

गावरान आंब्याचा रस, आटवलेलं दूध, साखर, आणि माझा हात सढळ, म्हणून अर्धी बाटली रम. साचे भरून फ्रीजरमध्ये ठेवले. दुसऱ्या दिवशी पाहते तर सगळं पातळच्या पातळ. दुपारी दोनदा विजेची लाइन गेली होती, म्हणून मी लाइनच्या नावानं बोटं मोडत बसले. वहिनीनं एक साचा हलवून पाहिला.

"लाइनचा दोष नाही ताई. दारू गोठत नसते."

"तुमाले कसं माहीत?"

"लग्न झालं त्या साली ह्यायची बाटली मी फ्रीजरमधी लपवली होती, बर्फाच्या ट्रेमांगं. मले वाटलं, दगड झाली तं कशी पेतीन? सकाळी पाह्यलं तं जशीच्या तशी. वरून ह्यायले थंडगार भेटली."

सांगून ती हसली. मला हसू आलं नाही. आंदणात आलेला फ्रीज उघडून, बाटली गोठली का ते चाचपणारी नवी नवरी मला दिसली आणि दादाचा असा संताप आला की तो समोर असता तर मी काय बोलले असते देव जाणे. आम्ही तेव्हा इथंच होतो. कोणी तिला काही विचारलं नव्हतं.

वहिनीनं पदर खोचला. सगळे साचे पातेल्यात रिकामे केले, दोन लिटर दूध नव्यानं आटवून थंड केलं, रस वाढवला, चमच्यानं चव घेतली आणि म्हणाली, "आता गोठन." मी बाटलीकडे पाहिलं तर तिनं ती उचलून वरच्या फळीवर ठेवून दिली. पोरांसाठी साध्या कुल्फ्या वेगळ्या डब्यात लावल्या. त्या दुसऱ्या दिवशी दुपारीच संपल्या.

संध्याकाळी वहिनी ताट घेऊन वर आली. साचा दोन्ही तळव्यांत चोळला की कुल्फी अलगद बाहेर येत होती. "आता बसा," मी म्हणाले. तिनं जिन्याकडे पाहिलं. मग सतरंजीच्या कडेला टेकली. पहिल्या घासाला तिनं डोळे मिटले, दुसऱ्याला पाय लांब केले. बहिणींची चेष्टामस्करी सुरू झाली आणि वहिनी अशी हसायला लागली की मला पहिल्यांदा कळलं, हिचा आवाज किती मोठा आहे.

तेवढ्यात दादा जिना चढून आला. बायकोचे लांब केलेले पाय पाहिले, ताटाजवळ वाकून वास घेतला.

"कोनं केलं हे?"

मी तयारच होते. पंचवीस वर्षांचं साठवलेलं सगळं जिभेवर होतं. पण वहिनी आधी बोलली. आवाज चढवला नाही, पायही आखडले नाहीत.

"मी केली. रम टाकून. तुमचं जेवन झाकून ठेवलं हाये, वाढून घ्या. मी बसली हाये."

दादानं माझ्याकडे पाहिलं, बहिणींकडे पाहिलं. मग खाली गेला. थोड्या वेळानं स्वयंपाकघरात ताट पडल्याचा आवाज आला. वहिनी सवयीनं अर्धी उठली, क्षणभर तशीच थांबली, आणि परत खाली बसली.