मनकर्णाच्या लाल चिंध्या

गुणवंता मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरी जन्मला खरा, पण पाण्यात पाय घालायचा म्हटलं की त्याला सर्दी व्हायची. दिवसभर सौंसरच्या हॉटेलात बसून तो राज्याचा कारभार पाहायचा. छप्पन साल होतं. नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर भोपाळकडं राहिलं, आणि गुणवंता दोघांनाही अक्कल शिकवत होता.

"राज्य वाटून राहिले!" त्याची बायको मनकर्णा म्हणायची. "घरात मिठाचा खडा नाही."

घर तीच चालवायची. दिवसा कन्हानकाठच्या वावरात कापूस वेचायची, त्यामुळं गळ धरून बसायला सवड नसे. म्हणून तिनं डोहाच्या काठावर खुंट्या ठोकल्या होत्या. बांबूची काडी वाकवून खुंटीच्या खाचेत अडकवायची, तिच्या दोरीला वर-खाली दोन गळ बांधून बेडूक लावायचा. मरळ माशानं ओढ दिली की काडी सुटून ताडकन उभी व्हायची आणि टोकाची लाल चिंधी फडकायची. वावरातून दिसलं की मनकर्णा धावत जायची.

एका सकाळी सायकलवरून कचेरीतला मुकुंदबाबू चालला होता. पाहतो तर काठावर चिटपाखरू नाही, आणि एक लाल झेंडा आपोआप उभा झाला! मागोमाग दुसरा. त्या दिवसांत मोर्च्यांच्या नुसत्या बातमीनं कचेरीला घाम फुटायचा. बाबूनं सायकल टाकली.

मनकर्णा पोचली तेव्हा तो काड्या उपटत होता.

"कोन्या पार्टीचे झेंडे हायेत हे?"

"मरळीच्या पार्टीचे," मनकर्णा म्हणाली. "दोरी नोका ओढू जी, गळ हाये."

"मले शिकवतं का?" म्हणून त्यानं दोरी खेचली. पाण्यातल्या मरळीनं उलटा हिसका दिला, दोरी हातातून सरकली आणि दोरीचा वरचा गळ बाबूच्या अंगठ्यात रुतला. सरकारचा माणूस वासरासारखा हंबरला.

मनकर्णानं आधी मरळ काठावर घेतली. मग विळ्यानं दोरी कापली, गळाचं टोक पुढं ढकलून अंगठ्यातून आरपार काढलं आणि जखमेवर तंबाखू दाबली.

"लिहा आता कागदावर," ती म्हणाली. "झेंड्यानं चावलं म्हनून."

बाबू सायकल ढकलत निघून गेला.

आठवड्यानं ती हॉटेलापुढं मासळी घेऊन बसली, तर आत गुणवंता रंगात आला होता. "म्या म्हनलं, बाबू, हात लावशीन तर पाह्य!" ऐकणाऱ्यांनी वळून मनकर्णाकडं पाहिलं.

"खरं हाये," ती म्हणाली. "तवा आमचे हे इथंच होते. च्या पिऊन राहिले होते."

हॉटेल हसलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच गुणवंता मदतीला डोहावर आला. तिनं त्याच्या तळहातावर बेडूक ठेवला. तो किंचाळून मागं सरला.

"जा," मनकर्णा म्हणाली, "हॉटेल उघडलं असन."

आणि तिनं बेडूक स्वतःच गळाला लावला.